भीती डोळ्यांची, तपासणी मात्र साखरेची

मधुमेह झाल्याचे कळले की आठवडाभरात घरातले, शेजारचे किंवा कचेरीतले कोणी ना कोणी सांगून जाते, 'सांभाळा हो, शुगर डोळ्यांवर जाते.' मधुमेहाच्या दुष्परिणामांमध्ये लोक मनातून घाबरतात ते पायाला आणि डोळ्याला. तरीही वर्षानुवर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या कित्येकांच्या डोळ्याचा पडदा एकदाही तपासलेला नसतो. साखर नियमित तपासली जाते, रक्तदाब पाहिला जातो, वजन होते. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून आतला पडदा पाहण्याचे तेवढे राहून जाते. भीती आहे, पण ती माणसाला तपासणीच्या खोलीपर्यंत नेत नाही. अनेकदा तीच त्याला दारातून परत फिरवते.

ही भीती किती खरी, हे आधी पाहायला हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या 'इंडियाब' पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. डोळ्यांबाबतचे चित्र 'स्मार्ट इंडिया' या अभ्यासातून २०२२ मध्ये समोर आले. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा आढळल्या. ४ टक्के लोकांचा आजार नजर धोक्यात यावी इतका पुढे गेला होता.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. शंभर मधुमेहींमधील सत्त्याऐंशी जणांच्या पडद्यावर पाहणीच्या वेळी काहीच दोष नव्हता. म्हणजे 'शुगर झाली, आता डोळे जाणार' हे समीकरण चुकीचे आहे. पण शंभरातील त्या चार जणांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तर त्यांची नजर खरोखरच जाऊ शकते. देशातील मधुमेहींची संख्या पाहता हे 'चार' म्हणजे लाखो माणसे होतात. आपण सत्त्याऐंशींमध्ये आहोत की चारांमध्ये, हे कोणालाही स्वतःच्या नजरेवरून ओळखता येत नाही. सारी अडचण इथेच आहे.

डोळ्याच्या पडद्याला अत्यंत बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. जागोजागी त्यांना मोहरीहून कितीतरी लहान फुगवटे येतात, त्यांतून रक्त आणि पाणी पाझरते, चरबीचे पिवळसर ठिपके साचतात. वाचण्यासाठी, चेहरे ओळखण्यासाठी आपण पडद्याचा मधला भाग वापरतो. पाझरलेले पाणी तिथे साचले की त्या भागाला सूज येते आणि अक्षरे पुसट, वाकडी दिसू लागतात. दुसरीकडे काही वाहिन्या बंदच पडतात. रक्ताला मुकलेला पडदा मग नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून रासायनिक संदेश सोडतो. नव्या वाहिन्या येतात, पण त्या पावसाळ्यात भिंतीवर उगवलेल्या रोपट्यासारख्या असतात. त्यांना ना बळ असते, ना त्यांची जागा योग्य असते. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त पसरते. त्यांच्याभोवती तयार झालेले तंतू आकसले की पडदा ओढला जाऊन सुटू शकतो.

यातली बरीच वाटचाल होईपर्यंत डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणी येत नाही. नव्या वाहिन्या फुटायच्या बेतात असतानाही माणूस डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचू शकतो. म्हणूनच 'मला चांगले दिसते' हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. उपचारांचा सर्वाधिक फायदा होतो तो नेमका चांगले दिसत असतानाच.

आपल्याकडे दोन गैरसमज इथे आडवे येतात. पहिला चष्म्याच्या नंबराचा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतला की डोळे तपासले, असे अनेकांना वाटते. नंबर काढताना डोळ्यात प्रकाश नीट एकवटतो का, एवढेच पाहिले जाते. पडद्यावर काय चालले आहे हे त्यातून कळत नाही. साखर वरखाली झाली की नंबरही तात्पुरता बदलतो. त्यामुळे साखर नुकतीच आटोक्यात येऊ लागलेल्या माणसाने घाईने चष्मा बनवला, तर तो महिन्याभरात निरुपयोगी ठरू शकतो. दुसरा गैरसमज मोतीबिंदूचा. पन्नाशीनंतर धूसर दिसू लागले की घरात निदान ठरलेले असते, 'मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढू.' मधुमेहींना मोतीबिंदू लवकर होतो, हे खरे. पण धूसरपणामागे पडद्याची सूज असेल, तर वाट पाहण्यात गेलेले महिने पुन्हा मिळत नाहीत.

गैरसमज समजावून दूर करता येतात. भीतीचे तसे नाही, कारण तिच्यामागे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी असतात. 'अमक्याने लेसर केले आणि त्याची होती नव्हती ती नजर गेली', हे वाक्य गावोगावी ऐकू येते. सांगणारा खोटे बोलत नसतो. लेसरचे काम नजर वाढवणे हे नाही. उपाशी पडद्याच्या कडेच्या भागावर लेसरचे शेकडो सूक्ष्म डाग दिले जातात, जेणेकरून नव्या वाहिन्यांना बोलावणारा संदेश थांबावा. कडेचा थोडा भाग देऊन मधली नजर वाचवण्याचा हा व्यवहार आहे. त्यानंतर काहींना अंधारात कमी दिसते किंवा बाजूचे थोडे कमी दिसते. पण १९७०च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले, की योग्य वेळी केलेल्या लेसरमुळे गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. गावात ज्याची गोष्ट सांगितली जाते, तो रुग्ण बहुधा रक्तस्राव झाल्यावर किंवा पडदा ओढला जाऊ लागल्यावर पोहोचलेला असतो. नजर आजाराने जाते, नाव लेसरचे होते. ज्यांचे डोळे लेसरने वीस वर्षे टिकले, ते मात्र चारचौघांत त्याची गोष्ट सांगत नाहीत. त्यांना दिसत असते आणि ते आपापल्या कामात असतात.

तसेच इंजेक्शनचे. 'डोळ्यात सुई' हे शब्द ऐकूनच माणूस हादरतो. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब टाकून, डोळा निर्जंतुक करून, बुबुळापासून दूर पांढऱ्या भागातून अतिशय बारीक सुईने औषध आत सोडले जाते. सुई टोचण्याला काही सेकंद लागतात. बहुतेकांना दाब जाणवतो, फारशा वेदना होत नाहीत. जंतुसंसर्गाचा धोका असतो, पण तो क्वचितच उद्भवतो. रेनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट आणि मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी आलेले, तुलनेने बरेच स्वस्त बेव्हॅसिझुमॅब ही औषधे नव्या वाहिन्यांना बोलावणारा तो संदेशच अडवतात आणि पडद्याची सूज उतरवतात. लेसरने नजर टिकवता येत होती. या इंजेक्शनांनी अनेकांची गेलेली नजर काही अंशी परत मिळू लागली.

या उपचाराची खरी अडचण सुईची नाही, वारंवारतेची आहे. सुरुवातीचे काही महिने दर महिन्याला इंजेक्शन घ्यावे लागते, त्यानंतरही तपासण्या चालूच राहतात. बाहुली मोठी केली की काही तास धूसर दिसते, म्हणून रुग्णासोबत कोणीतरी लागते. हातावर पोट असलेल्या घरात याचा अर्थ दोन माणसांची मजुरी आणि दोघांचे एसटीचे भाडे. दोन इंजेक्शनांनी बरे दिसू लागले की तिसरे राहते, चौथे विसरले जाते आणि सूज परत येते. नव्या वाहिन्यांचा आजार असलेला रुग्ण केवळ इंजेक्शनवर असेल आणि मध्येच येणे थांबले, तर मोठे नुकसान होऊ शकते. अशा वेळी परिणाम दीर्घकाळ टिकणारे लेसर अधिक भरवशाचे ठरते. म्हणून 'मला दर महिन्याला येणे जमणार नाही' हे रुग्णाने संकोच न करता आधीच सांगावे आणि डॉक्टरांनीही ते आधीच विचारावे. उपचार डोळ्याला जसा जुळायला हवा, तसा घरालाही.

हा आजार घेऊन जगणे म्हणजे काय, ते दवाखान्याबाहेर दिसते. ट्रक चालवणारा माणूस रात्रीच्या फेऱ्या टाळू लागतो आणि कारण विचारले तर झोपेचे सांगतो. शिवणकाम करणारी बाई सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारते. सकाळी उठल्यावर आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून समोरचे कॅलेंडर वाचून पाहायचे, ही अनेकांची कोणालाही न सांगितलेली रीत असते. एखादा काळा ठिपका तरंगताना दिसला की पुढचे दोन दिवस जेवण गोड लागत नाही. मुलांना काळजी नको म्हणून सांगायचे नाही, मालकाला कळले तर काम जाईल म्हणून सांगायचे नाही. असे दडवत दडवत माणूस एकटा पडतो. झोप उडते, उदासी येते आणि उदास माणसाचे गोळ्यांकडे, जेवणाकडे, चालण्याकडे दुर्लक्ष होते. साखर आणखी वाढते. भीतीने सुरू झालेली गोष्ट फिरून डोळ्यांवरच येते.

या भीतीला खतपाणी घालणाऱ्यांमध्ये डॉक्टरांचाही वाटा आहे, हे मान्य करायला हवे. बाह्यरुग्ण विभागात शंभर रुग्ण रांगेत असताना 'साखर सांभाळा, नाहीतर आंधळे व्हाल' हे वाक्य सहज तोंडून जाते. हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो. अंधत्वाची धमकी ऐकलेला माणूस तपासणीला न्यायालयाच्या तारखेसारखा घाबरतो. निकाल आपल्या विरुद्ध लागणार, या धास्तीने तो तारीखच चुकवतो. शिवाय त्या वाक्यात एक आरोप दडलेला असतो, की डोळे बिघडले ते तुमच्या चुकीने. मधुमेह जितका जुना, तितका पडद्याचा धोका मोठा. वीस-पंचवीस वर्षे काटेकोर पथ्य पाळलेल्यांच्याही पडद्यावर खुणा आढळतात. अशा माणसाला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे. त्याला सांगायला हवे ते वेगळेच, 'खुणा दिसल्या, म्हणजे आपल्याला वेळेवर कळले.'

भीतीच्या जागी द्यायला वैद्यकशास्त्राकडे ठोस गोष्टी आहेत. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत, पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या आणि पडद्यावर आजार नसलेल्या रुग्णांनी साखर काटेकोर ठेवली, तेव्हा पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासाने दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींसाठी तितकीच मोलाची गोष्ट सांगितली. रक्तदाब नीट आटोक्यात ठेवल्यास पडदा बिघडत जाण्याचा धोका ३४ टक्क्यांनी आणि नजर ठळकपणे खालावण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी होतो. डोळ्यांसाठी साखर सांभाळणारे अनेक आहेत. डोळ्यांसाठी रक्तदाबाची गोळी न चुकवणारे कमी आहेत, कारण ती डोळ्यांचीही गोळी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

एक सावधगिरी मात्र हवी. अनेक वर्षे खूप वाढलेली साखर इन्सुलिनने किंवा नव्या औषधांनी झपाट्याने उतरवली, तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. दीर्घकाळाचा फायदा मोठा असल्याने औषध टाळायचे नाही, पण त्याआधी पडदा पाहून घ्यायचा. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासावा, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो.

तपासणीचा नियम साधा आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाले त्याच वेळी आणि त्यानंतर दरवर्षी. हा मधुमेह कळण्यापूर्वी काही वर्षे अंगात मुरलेला असू शकतो, म्हणून पहिली तपासणी पुढे ढकलायची नाही. पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांच्या आत आणि मग दरवर्षी. पडद्यावर आजार आढळला, तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. एकाएकी काळे ठिपके किंवा जाळी दिसू लागली, विजा चमकल्यासारखे झाले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, तर वार्षिक तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. सकाळी एकेक डोळा झाकून पाहण्याची सवय वाईट नाही. फक्त ती तपासणीच्या जागी नको, तिच्या जोडीला हवी.

पण सारा भार रुग्णावर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. भामरागडच्या शेतमजुराने किंवा धडगावच्या आजीने केवळ पडदा दाखवायला, सोबत माणूस घेऊन, जिल्ह्याच्या ठिकाणी जावे ही अपेक्षाच चुकीची आहे. मधुमेही जिथे साखरेसाठी येतो, तिथेच त्याचा पडदा पाहिला गेला पाहिजे. आज तिशीपुढच्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबासाठी तपासणी व्हावी, हे राष्ट्रीय कार्यक्रमाचे उद्दिष्ट आहे आणि आशाताई त्यासाठी घरोघरी जातात. या साखळीत एक कडी वाढवायची आहे, ती पडद्याचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची. फोटो काढायला नेत्रतज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित कर्मचारी पुरतो. फोटो दूरवर बसलेला तज्ज्ञ वाचू शकतो. २०१८ पासून अमेरिकेत, तज्ज्ञाशिवाय निर्णय देणाऱ्या संगणकप्रणालीलाही मान्यता मिळाली आहे. केरळ सरकारने 'नयनामृतम्' या उपक्रमातून कौटुंबिक आरोग्य केंद्रांमध्येच मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढायला सुरुवात केली.

यातून काय साधते, याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. तिथे २००३ मध्ये मधुमेहींच्या पडद्याच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक नोंदणीकृत मधुमेहीला तपासणीचे बोलावणे घरी जाऊ लागले. २००९-१० च्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की इंग्लंड आणि वेल्समध्ये काम करण्याच्या वयातील लोकांच्या अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण आता मधुमेह राहिलेला नाही. किमान पाच दशकांत हे प्रथमच घडले होते. अभ्यासकांनी त्याचे श्रेय देताना या तपासण्या आणि साखरेवरील सुधारलेले नियंत्रण यांकडे बोट दाखवले.

मात्र नुसते कॅमेरे वाटून भागणार नाही. ज्याच्या पडद्यावर धोका दिसला, त्याच्या हातात केवळ चिठ्ठी देऊन पाठवले, तर त्याची भीती तेवढी वाढेल. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चालू स्थितीतील लेसर यंत्र, ते चालवणारा नेत्रतज्ज्ञ, इंजेक्शनचा नियमित पुरवठा आणि तारीख चुकलेल्या रुग्णाला फोन करणारे कोणीतरी असायला हवे. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षितही. मधुमेहाचे औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो की खासगी, केसपेपरवर साखर आणि रक्तदाबाशेजारी पडदा तपासल्याची तारीख लिहिण्याचा रिवाज पाडला, तर तो रकाना कोरा राहणे रुग्णालाही खटकेल आणि डॉक्टरलाही.

ज्यांची नजर आधीच बरीच गेली आहे, त्यांना या साऱ्या चर्चेत विसरले जाते. 'आता काही होणार नाही' हे वाक्य डोळ्याच्या पडद्यापुरते खरे असेल, माणसाच्या बाबतीत ते खरे नाही. मधुमेहाने नजर गेलेल्या अनेकांना थोडे का होईना दिसत असते. भिंग, योग्य उजेड, मोठी अक्षरे, वाचून दाखवणारा मोबाइल यांनी त्या उरलेल्या नजरेतून पुष्कळ काम होते. इन्सुलिनच्या पेनचे टक्‌टक् आवाज मोजून मात्रा लावायला शिकता येते, अर्थात कोणीतरी ती आधी नीट शिकवायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीचाही समावेश आहे. प्रमाणपत्र मिळण्याजोगी स्थिती असेल, तर ते घेण्यात कमीपणा मानू नये. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्था उतारवयात दृष्टी गमावलेल्यांसाठीही काम करतात. नेत्ररोग विभागाने शेवटच्या भेटीत 'उपचार संपले' असे सांगण्याऐवजी हा पत्ता हाती द्यावा.

अंधत्वाची भीती पूर्णपणे जाणार नाही, जाण्याची गरजही नाही. नजर इतकी मोलाची आहे की तिची काळजी वाटणारच. त्या काळजीला दरवर्षीची एक तारीख, जवळचे एक ठिकाण आणि आरोप न करता बोलणारा एक डॉक्टर मिळाला, तर ती माणसाला दारातून परत फिरवणार नाही. घरात मधुमेही असेल तर आज त्याची फाइल काढा आणि पडदा शेवटचा कधी तपासला ते शोधा. तारीख सापडली नाही, किंवा ती वर्षाहून जुनी निघाली, तर या आठवड्यात जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात जा, सोबत एका माणसाला न्या आणि खिडकीवर नंबरची नव्हे, पडद्याची तपासणी करायची आहे, असे स्पष्ट सांगा.